वैमानिक उतरला, विमान उडालं : निवृत्त लढाऊ विमानाचा ड्रोन कसा होतो?



आपल्या देवबागात होडी जुनी झाली म्हणून लगेच कोणी ती मोडीत काढत नाही. मासेमारीला दमली की तिच्यात बाकडी ठोकतात, वर छप्पर चढतं आणि ती पर्यटकांना संगमावर किंवा डॉल्फिन बघायला घेऊन जाते. तेही जमेनासं झालं की इंजिन निघतं, ते दुसऱ्या होडीला बसतं. उरलेली होडी माडाखाली उपडी पडते आणि तिच्या सावलीत कुत्री झोपतात. एका वस्तूची तीन-चार आयुष्यं असतात, हे आपल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

लढाईच्या यंत्रांचंही तसंच आहे. नौदलाची 'गुलदार' ही युद्धनौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारी ही नौका. तिला निवती रॉकजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, अशी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची योजना आहे. म्हणजे जिने सैनिक वाहिले, तिच्यात आता मासे राहणार आणि आपण स्कूबा करून ती बघायला जाणार.

जहाजाचं असं होतं. मग लढाऊ विमानाचं काय होतं? काही विमानं चौकात चौथऱ्यावर चढतात, काही संग्रहालयात जातात, बरीचशी सुट्या भागांसाठी आणि भंगारासाठी तोडली जातात. काही थोड्या विमानांच्या नशिबी मात्र एक विचित्र दुसरा जन्म येतो. त्यांच्यातला वैमानिक कायमचा खाली उतरतो आणि विमान एकटंच उडायला लागतं. आज त्याविषयी बोलू.

विषय निघाला कुठून तेही सांगते. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन आपल्या शेजारी तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला होता. प्रधानमंत्री आले होते, युद्धनौका आल्या होत्या आणि डोक्यावरून मिग-२९के विमानं कानठळ्या बसवत गेली होती. तेव्हापासून वर्गात विमान हा विषय कधी शिळा होत नाही. मग सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्याची बातमी आली आणि प्रश्न सुरू झाले. त्यातला एक अगदी सरळ होता : "बाई, डायवर नाय तर इमान उडतला कसा?"

आधी मिग-२१ ची थोडी ओळख

हे विमान रशियन बनावटीचं म्हणून आपण ओळखतो, पण त्यातली शेकडो विमानं आपल्या महाराष्ट्रात तयार झाली आहेत. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. १९६४ मध्ये तो उभा राहिला तोच मुळी मिग-२१ बनवण्यासाठी. पुढे त्याच विमानाचं सुधारून केलेलं 'बायसन' हे रूपही तिथेच तयार झालं. भारतीय हवाई दलात मिग-२१ आलं १९६३ मध्ये आणि चंडीगडला त्याला निरोप दिला गेला २६ सप्टेंबर २०२५ रोजी. बासष्ट वर्षं! तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अमर प्रीत सिंग यांनी त्या दिवशी स्वतः ते उडवलं. (आणि पुढच्याच महिन्यात ओझरहून तिथेच बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. कारखान्याला उसंत नाही.)

मिग-२१ आवाजाच्या दुप्पट वेगाने जाऊ शकायचं. पण ते उडवणं सोपं नव्हतं, विशेषतः उतरवताना. उतरतानाचा त्याचा वेगच ताशी ३०० किलोमीटरच्या घरात असायचा. मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेली माहिती अशी होती : घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी (यात मिगचे सगळे प्रकार आले) निम्म्याहून जास्त अपघातात गेली आणि त्यांत १७१ वैमानिकांचा जीव गेला. शिवाय जमिनीवरचे ३९ नागरिकही दगावले. हे आकडे लक्षात ठेवा, नंतर लागतील. 'विमानात माणूस नसला तर काय बिघडलं?' हा प्रश्न मुलं सहज विचारतात, पण त्याच्यामागे एवढं मोठं ओझं आहे.

ड्रोन म्हणजे चार पंख्यांचंच असं नाही

तारकर्लीच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचे फोटो काढायला येतात, त्यांच्याकडे तो चार पंख्यांचा भुणभुण करणारा ड्रोन असतो. आपल्या मुलांच्या डोळ्यासमोर तोच येतो. पण ज्या विमानात माणूस बसलेला नाही आणि जे दुरून किंवा आपलं आपण चालतं, ते कुठलंही विमान ड्रोनच. ते हाताच्या तळव्याएवढं असू शकतं, तसंच दहा-बारा टनांचं जेटही असू शकतं.

आणि ही कल्पना नवी नाही हं. १९३० च्या दशकात इंग्रजांनी आपल्या शिकाऊ दुपंखी विमानाचं, टायगर मॉथचं, रेडिओवर चालणारं रूप केलं आणि त्याला नाव दिलं 'क्वीन बी', म्हणजे राणी माशी. जहाजावरच्या तोफचींना नेम धरण्याचा सराव व्हावा म्हणून ते उडवायचे. 'ड्रोन' म्हणजे इंग्रजीत नर मधमाशी. हा शब्द त्या राणी माशीवरूनच विमानांना चिकटला असं बरेच जण मानतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेकडे जुन्या लढाऊ विमानांचे ढीग होते. १९४६ मध्ये बिकिनी बेटांवर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, तेव्हा त्या विषारी ढगातून नमुने आणायला माणूस कसा पाठवणार? म्हणून वैमानिक नसलेली हेलकॅट आणि बी-१७ विमानं पाठवली. १९५२ मध्ये कोरियाच्या युद्धात तशाच हेलकॅटना मोठे बॉम्ब बांधून विमानवाहू जहाजावरून सोडलं, रेल्वेच्या पुलावर जाऊन आदळायला. तेव्हा या विमानांना आपण आज 'नवीन तंत्रज्ञान' म्हणतो, त्याला सत्तरी उलटून गेली आहे.

पण जुनं जेटच कशाला?

मुख्य काम एकच : सरावासाठी लक्ष्य. क्षेपणास्त्र बनवलं, ते खरंच लागतं का हे कसं कळणार? फुगा सोडून त्याच्यावर नेम धरला तर फुगा फुटेल, पण त्याने काही सिद्ध होत नाही. क्षेपणास्त्र लक्ष्य शोधतं ते रडारच्या परतणाऱ्या लहरींवरून किंवा इंजिनाच्या उष्णतेवरून. लहान ड्रोनची रडारवरची 'सावली' लहान, इंजिनाची धग कमी आणि वळणं संथ. खरं लढाऊ विमान मात्र अंगाने मोठं असतं, शेपटीतून आग ओकतं आणि जीव वाचवायला गिरकी घेतं. मासे पकडायचं जाळं घरच्या पिंपात टाकून तपासता येत नाही, तसंच हे. आणि निवृत्त विमान तर आधीच घेऊन ठेवलेलं असतं.

अमेरिकेत ही मोठी परंपराच झाली आहे. व्हिएतनाम युद्धात गाजलेली फँटम विमानं निवृत्त झाल्यावर 'क्यूएफ-४' नावाने लक्ष्य बनली. तीनशेहून जास्त फँटमना असा दुसरा जन्म मिळाला आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्यांचीही पाळी संपली. मग आलं एफ-१६. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जुनी विमानं ओळीने उभी करून ठेवण्याची एक मोठी जागा आहे. हवा कोरडी, गंज लागत नाही. (आपल्या किनाऱ्यावर ठेवली असती तर दोन पावसाळ्यांत काय झालं असतं, ते आपल्या घराच्या पत्र्याला विचारा.) तिथे १५ वर्षं पडून असलेलं एक एफ-१६ उचललं, त्यात बदल केले आणि १९ सप्टेंबर २०१३ ला फ्लोरिडातल्या टिंडॉल तळावरून ते रिकाम्या खुर्चीसकट उडवलं. दोन वैमानिक जमिनीवर बसून ते चालवत होते. विमान ४०,००० फुटांवर गेलं, आवाजाच्या जवळजवळ दीडपट वेग गाठला, कोलांट्या घेतल्या आणि सुखरूप परत उतरलं. शेपूट आणि पंखांची टोकं नारिंगी रंगवलेली असतात, म्हणजे 'हे आपलंच सरावाचं विमान' हे लांबून कळतं.

इथे मुलं हमखास विचारतात, एवढं चांगलं विमान एका झटक्यात फोडायचं? तर नाही. पुष्कळदा सरावाच्या क्षेपणास्त्रात स्फोटकच नसतं. ते विमानापासून किती अंतरावरून गेलं याचं मोजमाप विमानावरची यंत्रणा करते. 'लागलं असतं' एवढं कळलं की काम झालं आणि विमान परत येतं. काही उड्डाणं मात्र शेवटचीच ठरतात. खाली मेक्सिकोचं आखात असतं.

वैमानिकाचे हात, पाय आणि डोळे

आता मूळ प्रश्न, उडतला कसा? वैमानिक काय काय करतो ते आधी फळ्यावर लिहून काढू. एका हाताने दांडा धरतो, त्याने विमान वर-खाली होतं आणि कलतं. दुसऱ्या हाताने इंजिनाची ताकद कमी-जास्त करतो. पायाने शेपटीचं सुकाणू हलवतो. डोळ्यांनी क्षितिज आणि काटे बघतो. आणि एक गोष्ट बहुतेक पुस्तकांत नसते : खुर्चीला टेकलेल्या अंगाला विमानाची थरथर कळते. आपला जुना तांडेल जसा पायाखालच्या फळीवरून पाण्याचा ओढ ओळखतो, तसंच.

ड्रोन करताना या प्रत्येकाला बदली लागतो. हातापायांच्या जागी मोटारी किंवा तेलाच्या दाबाने हलणारे दट्टे येतात. डोळ्यांच्या जागी कॅमेरे. क्षितिजाच्या जागी जायरोस्कोप, तो विमान किती कललंय ते सांगतो. वाऱ्याचा वेग मोजायला बारीक नळी असतेच, उंची हवेच्या दाबावरून कळते, ठिकाण जीपीएसवरून. हे सगळं एका संगणकाकडे जातं. तो दर क्षणाला बघतो, विमान कुठे असायला हवं, कुठे आहे, आणि फरक काढून दट्ट्यांना हुकूम देतो. सायकल चालवताना आपण हँडल सतत इवलंसं डावं-उजवं करत असतो ना, तेच.

एफ-१६ च्या बाबतीत अर्धं काम आधीच झालेलं होतं. या विमानात वैमानिकाचा दांडा पंखांना थेट जोडलेलाच नाही. तो दांडा संगणकाला विजेचा इशारा देतो आणि संगणक पंखांचे भाग हलवतो. मग इशारा दांड्यावरून आला काय किंवा जमिनीवरून रेडिओने आला काय, संगणकाला फारसा फरक पडत नाही. मिग-२१ किंवा फँटम या आधीच्या पिढीतल्या विमानांत मात्र दांड्यापासून पुढे सळ्या, जोड आणि तेलाचे पंप. तिथे प्रत्येक ठिकाणी नवा यांत्रिक हात बसवावा लागतो. करता येतं (सोव्हिएत संघाने जुन्या मिग-२१ ची लक्ष्य-विमानं केलीच होती), पण खटाटोप जास्त.

आणखी एक गोष्ट, तोलाची. वैमानिक, त्याची खुर्ची, तोफ, असं काही काढलं की विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो. होडीत सगळी माणसं नाळीकडे जाऊन बसली तर होडी कशी नाक खुपसते, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून काढलेल्या वजनाच्या बदल्यात यंत्रणा किंवा नुसतं वजन योग्य जागी ठेवावं लागतं. वर्गात कागदी विमानाच्या नाकाला, मग मधे, मग शेपटीला मातीची गोळी लावून उडवून बघा. पाच मिनिटांत मुलांना पाठ होतं.

अर्ध्या सेकंदाची गोष्ट

सगळ्यात अवघड भाग म्हणजे दुवा. जमिनीवरचा माणूस आणि विमान यांना जोडणारा रेडिओचा धागा.

पहिली अडचण क्षितिजाची. आपल्या होड्या खोल समुद्रात गेल्या की मोबाईलची रेंज जाते, कारण पृथ्वी गोल आहे आणि टॉवर क्षितिजाखाली जातो. विमान उंचावर असल्यामुळे त्याला लांबून 'दिसतं', पण ते खाली आलं की तेही नजरेआड. मग उपग्रहाचा आधार घ्यायचा. तो ३६,००० किलोमीटर उंचीवरचा असला तर इशाऱ्याला वर जाऊन खाली यायला ७२,००० किलोमीटर पडतात. प्रकाशाच्या वेगाने सुद्धा त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. विमानाने काय केलं हे परत दिसायला आणखी पाव. झाला अर्धा सेकंद.

अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं? ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. अर्ध्या सेकंदात विमान ४१ मीटर पुढे गेलेलं असतं. धावपट्टी जवळ येत असताना एवढी दिरंगाई चालत नाही. म्हणून उतरवण्याचं काम जवळच्या थेट दुव्यावरून करतात किंवा पुष्कळसं विमानातल्या संगणकावर सोपवतात.

याचा एक खेळ आम्ही शाळेच्या अंगणात घेतो. तुम्हीही घ्या. एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, तो विमान. दुसरा लांब उभा राहून 'डावीकडे', 'उजवीकडे', 'थांब' सांगणार, तो वैमानिक. वाटेत चपला, दप्तरं अडथळे म्हणून ठेवायची. पहिल्यांदा जमून जातं. मग नियम बदलायचा : प्रत्येक हुकूम मनात 'एक, दोन' मोजून मगच पाळायचा. दुसऱ्या वळणाला विमान दप्तरावर! वैमानिक ओरडायला लागतो, जास्त हुकूम देतो आणि गोंधळ आणखी वाढतो. तिसऱ्या फेरीत विमानालाच थोडी अक्कल द्यायची, 'पायाला काही लागलं की स्वतः थांब'. लगेच सुधारतं. संगणक विमानातच का ठेवतात, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि धागा तुटलाच तर? त्याचं उत्तर १६ ऑगस्ट १९५६ ला कॅलिफोर्नियाने दिलं. नौदलाचं एक लाल रंगवलेलं हेलकॅट ड्रोन सरावासाठी उडालं आणि ऐकेनासं झालं. समुद्राकडे जायचं ते लॉस एंजेलिसच्या दिशेने निघालं. त्याला पाडायला दोन आधुनिक जेट विमानं पाठवली. दोघांनी मिळून २०८ रॉकेटं डागली. एकही लागलं नाही! जुनं पंख्याचं विमान आपल्या नादात गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी इंधन संपल्यावर पामडेल गावाजवळच्या माळावर पडलं, जाता जाता विजेच्या तारा तोडून. रॉकेटांनी मात्र रानात वणवे लावले, घरांच्या भिंतीत तुकडे घुसले. कोणी दगावलं नाही हे नशीब. लोक याला विनोदाने 'पामडेलची लढाई' म्हणतात. आता अशा लक्ष्य-विमानांत स्वतःलाच नष्ट करण्याची यंत्रणा बसवलेली असते. हाताबाहेर गेलं तर जमिनीवरून हुकूम देऊन ते समुद्रावरच संपवायचं.

लक्ष्य नाही, शस्त्र म्हणून

इथपर्यंत सरावाचं झालं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये, चंडीगडच्या निरोपाच्या काही दिवस आधी, चीनमधल्या चांगचुनच्या विमान प्रदर्शनात एक जुनं जे-६ विमान मांडलं होतं. जे-६ म्हणजे मिग-१९ ची चिनी प्रत, आपल्या मिग-२१ च्या थोरल्या भावाची. त्याच्यातली तोफ आणि वैमानिकाची खुर्ची काढून स्वयंचलित उड्डाणाची यंत्रणा बसवल्याचं तिथल्या फलकावर लिहिलं होतं. ही विमानं चीनने हजारोंनी बनवली होती. अशी स्वस्त विमानं थव्याने पुढे सोडली तर समोरच्याला आपली महागडी क्षेपणास्त्रं त्यांच्यावर खर्च करावी लागतात आणि रडार कुठे लपवलंय तेही उघड होतं. २०२० च्या नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अझरबैजानने हेच केलं, फक्त जेट नव्हे तर शेतीवर फवारणी करणाऱ्या जातीची जुनी दुपंखी एएन-२ विमानं वापरून.

मग आपल्या मिग-२१ चं असं का करू नये? मला विचाराल तर शस्त्र म्हणून त्यात फारसा अर्थ नाही. विमान निवृत्त होतं ते उगाच नाही. बांधकामाची तार हातात घ्या आणि त्याच जागी वाकवा-सरळ करा. दहा-पंधरा वेळा काही होत नाही, मग कटकन तुटते. प्रत्येक उड्डाणात, प्रत्येक गिरकीत विमानाच्या धातूचं तेच चाललेलं असतं. याला धातूचा थकवा म्हणतात. वैमानिक काढला म्हणून थकवा जात नाही. इंजिनाचे सुटे भाग लागतात, तेल-इंधन लागतं, धावपट्टी लागते, सांभाळणारी माणसं लागतात. फुकटात मिळालेला म्हातारा बैल चाऱ्याला काही कमी खात नाही. सरावाचं लक्ष्य म्हणून थोडी विमानं वापरली तर ते मात्र पटण्यासारखं आहे. खऱ्या आकाराचं, खऱ्या वेगाचं लक्ष्य दुसरं कुठून आणणार?

भारताने आजवर मुख्यतः वेगळी वाट धरली आहे. बंगळूरच्या वैमानिकी विकास संस्थेने, म्हणजे डीआरडीओच्या प्रयोगशाळेने, 'लक्ष्य' नावाचं छोटं वैमानिकरहित जेट बनवलं. त्याची हुशारी अशी की ते आपल्यामागे लांब दोरीने एक खोटं लक्ष्य ओढत नेतं. नेम त्या ओढलेल्या वस्तूवर धरायचा. मूळ विमान शेवटी हवाई छत्रीने खाली येतं आणि पुन्हा वापरता येतं. त्याच संस्थेचं 'अभ्यास' हे नवं लक्ष्य-विमान, त्याच्या चाचण्या ओडिशातल्या चांदीपूरला होतात. नाव काय सुंदर ठेवलंय बघा, शिक्षकाला आवडावं असं.

यावर वर्गात दोन बाजू पडल्या. एका गटाचं म्हणणं, वर माणूस नाही म्हणजे कोणी मरणार नाही, चांगलंच आहे. मी त्यांना ते १७१ वैमानिक सांगितले आणि त्यांचं म्हणणं आणखी पक्कं झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी बोलली, "वर कोण नाय, पण खाली कोण आसा, ता कोण बघतलो?" तिचे बाबा रोज समुद्रात जातात. वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मीही पुढे काही जोडलं नाही. त्या ३९ नागरिकांचा आकडा फळ्यावर होताच.

तिचा प्रश्न आपल्या किनाऱ्याला धरून आहे, म्हणून एवढी माहिती घरी जरूर सांगा. समुद्रात गोळीबाराचा किंवा क्षेपणास्त्राचा सराव असतो तेव्हा त्या भागात जाऊ नये अशी सूचना मच्छीमारांना आधी दिली जाते. ती सूचना आली की 'एवढ्यात काय होतंय' म्हणू नका. जाळ्यात किंवा वाळूत नारिंगी रंगाचा, तारा असलेला, नळीसारखा धातूचा तुकडा सापडला तर तो भंगारात विकायला उचलू नका, ठोकू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. सागरी पोलिसांचा नंबर १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४. दोन्ही नंबर होडीत रंगाने लिहून ठेवता येतात.

सहलीचा विचार करत असाल तर गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. आयएनएस हंसा तळावरून उडणारी सी हॅरियर विमानं मे २०१६ मध्ये निवृत्त झाली, त्यांतलं एक तिथे उभं आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. मुलांना नुसतं 'बघा' म्हणू नका, शोधायला सांगा : वाऱ्याचा वेग मोजणारी नळी कुठे आहे, पंखाचे कोणते भाग हलतात, इंजिनाची हवा बाहेर टाकणारी चार तोंडं कशी फिरतात. मग वैमानिकाच्या जागेकडे बोट दाखवून विचारा, ही खुर्ची काढली तर तिच्या जागी काय काय ठेवावं लागेल? यादी वहीत लिहून आणायची, पुढच्या तासाला फळ्यावर एकत्र करू.